दुसऱ्या वळणावरची परिचर्या : महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रियांच्या परिचारिका प्रशिक्षणाचा इतिहास आणि खानदेश

प्रस्तावना

अमेरिकेतील सेंट लुई विद्यापीठाने १९७१ मध्ये एक वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. ज्यांनी अन्य कोणत्याही विषयातील पदवी आधीच मिळविली आहे, अशा व्यक्तींना कमी मुदतीत परिचर्येची दुसरी पदवी मिळावी, अशी त्याची योजना होती. पुढे हा प्रकार त्या देशात सर्वत्र रुजला. आज तेथे असे अभ्यासक्रम साधारणपणे ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतात आणि त्यातून बाहेर पडणारी परिचारिका चार वर्षे शिकलेल्या परिचारिकेच्या बरोबरीने परवाना परीक्षेस बसते.

जळगाव किंवा धुळे येथील महाविद्यालयातून कला शाखेची पदवी घेतलेल्या, विवाहानंतर किंवा वैधव्यानंतर अर्थार्जनाची गरज निर्माण झालेल्या स्त्रीला असा मार्ग उपलब्ध आहे काय? या प्रश्नाचे आजचे उत्तर नकारार्थी आहे. तथापि, वयाने प्रौढ आणि आयुष्याच्या दुसऱ्या वळणावर उभ्या असलेल्या स्त्रीने परिचर्येत प्रवेश करणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. किंबहुना मराठी मध्यमवर्गीय स्त्रीचा या व्यवसायातील प्रवेश मुळात याच मार्गाने झाला. प्रस्तुत लेखात या मार्गाच्या इतिहासाचा आढावा घेऊन खानदेशच्या संदर्भात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : आपल्याकडे परिचर्येचा मार्ग 'जवळचा' करण्याचे प्रयत्न दोन प्रकारे झाले. एका प्रकारात प्रशिक्षणापूर्वीच्या तयारीचा काळ कमी करण्यात आला आणि प्रशिक्षण मात्र पूर्ण ठेवण्यात आले. दुसऱ्या प्रकारात खुद्द प्रशिक्षणच आखूड करण्यात आले. पहिल्या प्रकारातून समान दर्जाच्या परिचारिका घडल्या, तर दुसऱ्यातून एक कायमची खालची श्रेणी निर्माण झाली. हा भेद लक्षात न घेता केवळ कालावधीची चर्चा करणे अपुरे ठरते.

पार्श्वभूमी : घरातील शुश्रूषा आणि पगारी परिचर्या

आजाऱ्याची शुश्रूषा हे भारतीय कुटुंबात स्त्रीचे सहजकर्तव्य मानले गेले. परक्या पुरुषाच्या शरीराला स्पर्श करणे, रात्रपाळी करणे, मलमूत्र व रक्ताशी संबंध येणे आणि या सर्वांबद्दल वेतन घेणे या बाबी मात्र उच्चवर्णीय समाजाला त्याज्य वाटत. बाळंतपणाचे काम ज्या सुईणी करीत, त्यांच्याकडे विटाळाच्या कल्पनेतून पाहिले जाई. घरात जी सेवा पुण्यकर्म ठरत होती, तीच घराबाहेर हलकी ठरत होती. महाराष्ट्रातील परिचारिका शिक्षणाचा आरंभीचा इतिहास हा या विसंगतीशी झालेल्या झगड्याचा इतिहास होय.

मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले आणि स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेला स्वतंत्र संस्था लाभली. मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये स्थापन केलेल्या मिशन रुग्णालयानेही परिचारिका प्रशिक्षणास लवकरच हात घातला. स्वातंत्र्यपूर्व काळात देशातील प्रशिक्षित परिचारिकांपैकी बहुसंख्य ख्रिस्ती होत्या, याचे कारण मिशन रुग्णालयांच्या या कामगिरीत आहे. खानदेशच्या पश्चिम भागात, नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे १९४२ मध्ये उभे राहिलेले ख्रिस्ती रुग्णालय याच परंपरेतील होते.

हिंदू समाजातील सेवेचा आदर्श अर्थातच अस्तित्वात होता. पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु सेवेचा आदर्श आणि सेवेचा व्यवसाय यांत अंतर होते. ते अंतर कमी करण्याचे संघटित कार्य पुणे सेवासदनने केले.

पुणे सेवासदन : तयारीचा काळ कमी, प्रशिक्षण पूर्ण

मुंबईत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये सेवासदन स्थापन झाले. त्यानंतर १९०९ मध्ये रमाबाई रानडे व भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदनची स्थापना केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये निवर्तले होते. रमाबाई स्वतः विधवा होत्या आणि विवाहानंतर घरात शिकून साक्षर झालेल्या होत्या. शाळेचे वय उलटून गेल्यावर शिकणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना प्रत्यक्ष होता.

सेवासदनकडे येणाऱ्या स्त्रियांत विधवा व परित्यक्ता मोठ्या संख्येने होत्या. त्यांचे वय शाळकरी मुलींचे नव्हते आणि शिक्षण अत्यल्प होते. संस्थेने त्यांच्यासाठी प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालविले. लेखन, वाचन व अंकगणित यांची तयारी झाल्यावर काहींना अध्यापिका, तर काहींना परिचारिका व सुईण होण्यासाठी पाठविण्यात येई. परिचर्येचे प्रत्यक्ष शिक्षण ससून रुग्णालयात होत असे आणि अशा स्त्रियांसाठी संस्थेने वसतिगृहाची सोय केली.

या व्यवस्थेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. संस्थेने सवलत दिली ती रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी. लहान मुलींनी शाळेत अनेक वर्षांत जे शिकावे, ते प्रौढ स्त्रियांना त्यांच्या समजुतीच्या बळावर थोड्या काळात शिकविले गेले. दाराच्या आत मात्र सवलत नव्हती. वॉर्डातील काम, रात्रपाळी आणि परीक्षा या इतर विद्यार्थिनींप्रमाणेच होत्या. त्यामुळे सेवासदनमधून गेलेल्या परिचारिकेला 'कमी शिकलेली' म्हणून बाजूला काढणे शक्य नव्हते. वसतिगृहाचे महत्त्वही येथेच आहे. प्रौढ स्त्रीच्या शिक्षणातील खरा अडथळा बुद्धीचा नसून निवासाचा, प्रतिष्ठेचा व कुटुंबाच्या संमतीचा आहे, हे संस्थेने ओळखले होते.

युद्धकाळ व भोर समिती : आखूड प्रशिक्षणाचा आरंभ

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. जखमी सैनिकांसाठी परिचारिकांची तातडीची गरज निर्माण झाली आणि अल्प मुदतीचे प्रशिक्षण देऊन स्त्रियांना सहायक परिचर्या सेवेत घेण्यात आले. १९४३ च्या वटहुकुमाने लष्करी परिचर्या सेवेला कायदेशीर चौकट मिळाली. येथे कालावधी कमी करण्यामागे शिकणाऱ्या स्त्रीची सोय नव्हती. शासनाची निकड होती.

युद्ध संपताना भोर समितीने देशाचे जे चित्र मांडले, ते भयावह होते. १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारण ४३,००० लोकसंख्येमागे एक. १९७१ पर्यंत ७,४०,००० परिचारिका तयार व्हाव्यात असे उद्दिष्ट समितीने सुचविले. एकीकडे दर्जा वाढविण्याचे प्रयत्न त्याच सुमारास सुरू झाले. १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. दुसरीकडे संख्येची भूक भागविण्यासाठी १९५० च्या दशकाच्या आरंभी सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच ए.एन.एम., ही श्रेणी निर्माण करण्यात आली.

खेड्यापाड्यांतील माता व बालकांच्या आरोग्यात ए.एन.एम. ताईंनी केलेले कार्य वादातीत आहे. प्रश्न त्यांच्या कार्याचा नसून त्यांना दिलेल्या स्थानाचा आहे. त्यांचा अभ्यासक्रम आरंभी दोन वर्षांचा होता. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर बहुउद्देशीय कार्यकर्तीची कल्पना पुढे आली आणि १९७७ पासून तो १८ महिन्यांचा झाला. पुढे २०१२ च्या सुमारास तो पुन्हा दोन वर्षांचा करण्यात आला. या चढउतारात एक गोष्ट स्थिर राहिली : ए.एन.एम.ला जी.एन.एम. व्हावयाचे असल्यास तिच्या आधीच्या शिक्षणाची व सेवेची वर्षे नव्या अभ्यासक्रमातून वजा होत नाहीत. वीस वर्षे बाळंतपणे केलेली स्त्रीही पुन्हा पहिल्या वर्षात बसते. मार्ग जवळचा झाला खरा, परंतु तो वेगळ्या आणि खालच्या मुक्कामाला नेणारा होता.

१९५८ ची संक्षिप्त शिक्षण योजना

सेवासदनच्या धर्तीचा प्रयत्न स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा एकदा झाला आणि तो राष्ट्रीय पातळीवर झाला. केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना १९५३ मध्ये झाली. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख या बालविवाहाच्या बंधनातून बाहेर पडून उशिरा शिकलेल्या विदुषी होत्या. त्याच वर्षी त्यांचा विवाह तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला. मद्रासमध्ये त्यांनी उभारलेल्या आंध्र महिला सभेत स्त्रियांचे शिक्षण आणि परिचर्येचे प्रशिक्षण ही दोन्ही अंगे होती.

मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणवर्गांची योजना सुरू केली. शाळा अर्धवट सुटलेल्या स्त्रीला साधारण दोन वर्षांत शालेय परीक्षेस बसविणे आणि त्याद्वारे शिक्षिका, परिचारिका, सुईण, ग्रामसेविका, बालसेविका अशा कामांच्या प्रशिक्षणासाठी पात्र करणे हा तिचा हेतू होता. स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन हे वर्ग चालविले जात. येथेही आखूड केली ती तयारी. परिचर्येचे प्रशिक्षण नव्हे. प्रौढ व्यक्ती लहान मुलापेक्षा वेगळ्या रीतीने आणि पुष्कळदा अधिक वेगाने शिकते, ही शिक्षणशास्त्रीय भूमिका या योजनेच्या मुळाशी होती.

खानदेशातील स्थिती

खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पुढे त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. पुणे व मुंबई येथील संस्थांपासून हा प्रदेश दूर होता. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. धुळ्याच्या प्रवाशाला आधी चाळीसगाव गाठावे लागे. ससूनजवळच्या वसतिगृहाने पुण्यातील स्त्रीची जी अडचण सोडविली, ती अमळनेर, शिरपूर किंवा साक्रीच्या स्त्रीसाठी तितकी सहज सुटणारी नव्हती.

सामान्य उच्च शिक्षणाचा प्रसार मात्र येथे चांगला झाला. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४० च्या दशकात सुरू झाले. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, ज्यास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. वैद्यकीय शिक्षणात धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले, तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. परिचर्येची विद्यालये व महाविद्यालयेही या काळात वाढली.

परंतु १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर आरोग्यशिक्षण व सामान्य शिक्षण ही दोन स्वतंत्र घरे झाली. आरोग्यशिक्षणाचा दर्जा एकसारखा राखण्यासाठी हे आवश्यक होते. त्याचा एक परिणाम मात्र असा झाला की, जळगावच्या विद्यापीठाने दिलेल्या पदवीला नाशिकच्या विद्यापीठातील परिचर्या अभ्यासक्रमात काहीही वजन राहिले नाही.

या स्थितीचे प्रत्यक्ष रूप पाहू. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आवश्यक आहेत. कला शाखेतून बारावी व पदवी घेतलेल्या स्त्रीला हा दरवाजा बंद आहे. तिने तीन वर्षांचा जी.एन.एम. व त्यानंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम केल्यास ती परिचर्येची पदवीधर होते. आधीच्या पदवीची तीन वर्षे धरता बारावीनंतरचा हा प्रवास आठ वर्षांचा होतो. त्यातही प्रवेशासाठी वयाची ३५ वर्षांची कमाल मर्यादा आहे. वैद्यकीय पदवीच्या प्रवेश परीक्षेवरील कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली, हे येथे तुलनेसाठी नमूद करणे योग्य ठरेल.

आशा कार्यकर्तींच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा आशा म्हणून साधारण २५ ते ४५ वयोगटातील, गावात स्थिरावलेली स्त्री निवडावी असे ठरले. प्रौढत्व व गावाशी असलेले नाते हीच तिची पात्रता मानली गेली. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत किंवा धडगाव व अक्कलकुवा भागांत अहिराणी, भिली वा पावरी बोलणारी आशा गरोदर स्त्रीला जे समजावू शकते, ते परभाषक परिचारिकेला दुभाष्याशिवाय जमत नाही. मात्र याच स्त्रीला परिचारिका व्हावेसे वाटले, तर तिचे वय अपात्रता ठरण्याची शक्यता असते आणि तिची भाषा व अनुभव यांना गुण नसतात.

अमेरिकी प्रयोग व भारतीय रचना

येथे कोणी म्हणेल की, अमेरिकेतील पद्धत जशीच्या तशी आणावी. तसे करण्यात रचनेचीच अडचण आहे. तेथील चार वर्षांच्या पदवीत भाषा, इतिहास, समाजशास्त्र, मूलभूत विज्ञान अशा सामान्य शिक्षणाचा वाटा मोठा असतो. दुसरी पदवी घेणाऱ्याने तो भाग आधीच पूर्ण केलेला असतो, म्हणून तो वगळला जातो. शरीररचनाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे विषय झाले नसतील, तर ते प्रवेशापूर्वी पूर्ण करावे लागतात. परिचर्येचा गाभा व रुग्णालयातील काम यांत कपात होत नाही; ते केवळ सुट्ट्या कमी करून सलग घेतले जाते. म्हणजे तत्त्वतः ही पद्धत सेवासदनच्या बाजूची आहे, युद्धकाळातील योजनेच्या बाजूची नाही.

भारतातील बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम आठ सत्रांचा असून तो जवळजवळ संपूर्णपणे व्यावसायिक आहे. त्यामुळे सामान्य पदवीच्या बळावर त्यातून दोन-अडीच वर्षे वजा करणे शक्य नाही. तरीही पहिल्या दोन सत्रांत संवादात्मक इंग्रजी, उपयोजित समाजशास्त्र, उपयोजित मानसशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पोषण व आहारशास्त्र असे विषय आहेत. मानसशास्त्र वा समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, गृहविज्ञानात पोषण शिकलेली किंवा जीवरसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली विद्यार्थिनी यातील काही भाग अगोदर शिकलेली असते. तो कितपत ग्राह्य धरावा, हा अभ्यासमंडळांनी विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील श्रेयांक संचयाची कल्पना याच दिशेची आहे आणि २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाच्या कायद्यामुळे या क्षेत्राच्या नियमनाची फेरमांडणी होत आहे.

शासनाला गरज भासली की मार्ग निघतो, हेही अलीकडेच दिसून आले. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हवे होते. त्यासाठी आयुर्वेद पदवीधर व परिचारिका यांना सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम देण्यात आला. आधीची पात्रता मोजून उरलेली भर घालण्याचे तत्त्व शासनाने येथे स्वतःच स्वीकारले.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मराठी समाजात परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून देण्यात वयाने प्रौढ अशा स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांना वगळणारी वयाची अट ही परंपरा नसून पुढील काळातील प्रशासकीय रचना आहे. दुसरा, प्रशिक्षण आखूड करण्याच्या योजना शासनाच्या निकडीतून आल्या आणि त्यांनी स्त्रियांना काम दिले, परंतु बढतीची वाट दिली नाही. तिसरा, तयारीचा काळ कमी करून प्रशिक्षण पूर्ण ठेवण्याचे प्रयोग रुग्णाच्या सुरक्षिततेला धक्का न लावता स्त्रीला समान दर्जा देऊ शकले.

खानदेशाच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना करता येते. कला व वाणिज्य शाखेच्या पदवीधर स्त्रियांसाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व इंग्रजी यांचा एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग येथील विज्ञान महाविद्यालये आपल्या प्रयोगशाळांच्या आधारे चालवू शकतील. अशा विद्यार्थिनींना तो पूर्ण केल्यावर बी.एस्सी. नर्सिंगला बसता यावे आणि वयोमर्यादेत सवलत मिळावी, यासाठी दोन्ही विद्यापीठांनी नियामक संस्थेकडे संयुक्त प्रस्ताव मांडावा. त्यासोबत वसतिगृहाचा विचार अपरिहार्य आहे, कारण १९०९ नंतरच्या पुण्यात जी अडचण होती ती २१ व्या शतकातील शहादा किंवा रावेरमध्ये संपलेली नाही.

याखेरीज इतिहासाच्या प्राध्यापकांपुढे एक काम आहे. जिल्हा रुग्णालयांतील प्रशिक्षणार्थींच्या नोंदवह्या, १९६२ नंतरची जिल्हा परिषदांची दप्तरे आणि सेवानिवृत्त परिचारिकांच्या आठवणी यांवर आधारित प्रादेशिक इतिहास लिहिला जाणे आवश्यक आहे. धुळे येथे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने उभी असलेली संशोधन परंपरा कागदपत्रे जमविण्याचे महत्त्व जाणणारी आहे. त्या परंपरेत वॉर्डातील रात्रपाळीची नोंदवहीही ऐतिहासिक साधन म्हणून जमा व्हावयास हवी. त्या नोंदींच्या आधारेच प्रौढपणी शिकलेल्या परिचारिका सेवेत किती काळ टिकल्या आणि त्यांना बढती मिळाली किंवा नाही, हे तपासता येईल आणि वर सुचविलेल्या प्रस्तावाला अनुभवाचा आधार देता येईल.